अबोध यंत्राचा पहिला गुरू : संगणकजाळ्यांच्या स्वयंचलित प्रारंभसिद्धतेचा इतिहास

कारखान्यातून नुकतेच बाहेर पडलेले संगणकयंत्र एका अर्थाने पूर्णतः अबोध असते. स्वतःचे नाव, स्वतःचा पत्ता, आपण कोणाच्या मालकीचे आहोत व कोणत्या कामासाठी येथे आणले गेलो आहोत, ह्यांपैकी काहीही त्यास ठाऊक नसते. यंत्र एकच असेल, तर जवळ बसलेला मनुष्य त्यास हे सर्व शिकवू शकतो. परंतु ज्या इमारतीत अशी सहस्रावधी यंत्रे कपाटांत रचलेली असतात, त्या डेटा सेंटरात प्रत्येक यंत्रापाशी मनुष्य बसविणे अशक्य होते, व यंत्राने यंत्रास शिकवावे अशी योजना करावी लागते. ह्या योजनेचा इतिहास सामान्यतः वेळ व मजुरी ह्यांच्या बचतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ते खोटे नव्हे. परंतु त्यात मुख्य गोष्ट निसटते. काहीच न जाणणाऱ्या यंत्राने पहिला शब्द कोणाचा मानावा, हा ह्या इतिहासाचा खरा गाभा होय. हा प्रश्न पुण्यात १९९१ मध्ये ज्या स्वरूपात उभा होता, तो आज धाराशिव जिल्ह्यातील ग्रामपंचायतीच्या खोलीत वेगळ्या स्वरूपात उभा आहे. ह्या दोन टोकांमधील वाट पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. संगणक ‘बूट’ होतो, हा प्रयोग आता मराठीत इतका रुळला आहे, की त्यातील पादत्राण कोणाच्या लक्षातही येत नाही. बुटाच्या मागील बाजूस असलेल्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःस वर उचलणे, ही इंग्रजीतील अशक्यतेची विनोदी कल्पना. तिच्यावरून यंत्राने स्वतःच स्वतःस चालू करण्याच्या क्रियेस हे नाव पडले. आपल्याकडील दर्शनग्रंथांत हीच कल्पना नटाच्या दृष्टांताने मांडलेली आहे : नट कितीही निपुण असला तरी तो स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही. दोष एकच. आज्ञावली वाचण्यासाठी ती वाचणारी आज्ञावली आधी हवी, व ती वाचण्यासाठी तिच्याही आधीची हवी, ही अनवस्था झाली. आणि पत्ता विचारण्यासाठी पत्ता हवा, हा अन्योन्याश्रय झाला.

व्याकरणाच्या अभ्यासकांस हा अन्योन्याश्रय अपरिचित नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत उपदेशातील अंत्य व्यंजनास ‘इत्’ ही संज्ञा देणारे सूत्र (१.३.३) ‘हल्’ ह्या प्रत्याहाराचा उपयोग करते. परंतु ‘हल्’ हा प्रत्याहार सिद्ध होण्यासाठी चौदाव्या शिवसूत्राच्या शेवटचा लकार इत् आहे हे आधी कळले पाहिजे, आणि ते तर ह्याच सूत्राने कळावयाचे. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत ह्यातून जो मार्ग स्वीकारला, तो सूत्राच्या आवृत्तीचा होय. सूत्र दोनदा वाचावयाचे. पहिल्या वाचनात त्याचा अर्थ केवळ ‘हल्’ ह्या एका शिवसूत्राच्या अंत्य वर्णापुरता घ्यावयाचा, तेवढ्याने प्रत्याहार सिद्ध करून घ्यावयाचा, आणि मग दुसऱ्या वाचनात तेच सूत्र संपूर्ण व्याप्तीने लावावयाचे. अतिशय लहान व मर्यादित असे काहीतरी प्रथम पदरात पाडून घेणे आणि त्याच्या साहाय्याने मोठे मिळविणे, ही युक्ती संगणकाच्या प्रारंभाचीही युक्ती आहे. मात्र ह्या साम्यावरून पाणिनीस संगणकशास्त्रज्ञ ठरविण्याचा जो हौशी उद्योग अधूनमधून होतो, त्यास येथे थारा देण्याचे कारण नाही.

केंब्रिज येथील एडसॅक ह्या यंत्रात (१९४९) हे ‘लहान काहीतरी’ म्हणजे डेव्हिड व्हीलर ह्यांनी रचलेल्या ३१ आज्ञा होत्या. त्या दूरध्वनी केंद्रात वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर तारांनी कायमच्या जोडलेल्या होत्या. बटण दाबताच त्या स्मृतीत उतरत, व त्यांच्या आधारे कागदी फितीवरील आज्ञावली वाचली जाई. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् ह्यांच्या नेतृत्वाखाली घडविलेले यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती ४० अंकांच्या २,०४८ शब्दांची होती, व त्याचेही अन्न कागदी फीतच. पुढील लहान यंत्रांत प्रारंभीच्या आज्ञा दर्शनी फलकावरील खटके वरखाली करून हातानेच भराव्या लागत. पीडीपी–८ ह्या प्रसिद्ध यंत्राचा असा प्रारंभपाठ सोळा–सतरा शब्दांचा होता, व तो चालकांस अक्षरशः मुखोद्गत असे. ह्या संपूर्ण काळात ‘पहिला शब्द कोणाचा’ हा प्रश्न उद्भवतच नव्हता. यंत्राजवळ उभा असलेला मनुष्य हाच गुरू, आणि खोलीच्या दारास कुलूप हीच त्याच्या अधिकाराची खूण.

प्रश्न उद्भवला तो एका यंत्राच्या जागी अनेक यंत्रे एकत्र काम करू लागली तेव्हा. महाराष्ट्रात त्याचे पहिले ठळक उदाहरण पुण्याचे आहे. १९८० नंतरच्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे महासंगणकाची मागणी केली असता अधिक क्षमतेचे यंत्र नाकारण्यात आले, व कमी क्षमतेचे यंत्र हवामानाच्या अंदाजापुरते, देखरेखीच्या अटींवर देण्यात आले. ह्या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुणे येथे ‘प्रगत संगणन विकास केंद्र’, म्हणजे सी–डॅक, ही संस्था स्थापन झाली. तिचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातील मुरंबा ह्या खेड्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर ह्यांच्याकडे आले. मुदत तीन वर्षांची होती. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हे यंत्र सिद्ध झाले. हे नाव इंग्रजीतील ‘समांतर यंत्र’ ह्या शब्दांचा संक्षेप असून त्याच वेळी तो श्रेष्ठत्ववाचक संस्कृत शब्दही आहे. सरकारी संक्षेपांच्या अरण्यात अर्थ व ध्वनी ह्यांचा असा मेळ क्वचित साधलेला आढळतो.

परम ८००० हे एक यंत्र नव्हते. ६४ नोडांचा तो समुदाय होता, व प्रत्येक नोडाच्या केंद्रस्थानी ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीचा ‘ट्रान्सप्युटर’ हा प्रक्रियक होता. त्याची प्रारंभरीती थोडी विस्ताराने पाहण्यासारखी आहे. कारण आजच्या डेटा सेंटरातील सर्व युक्तींचे बीज तिच्यात आहे, आणि तरीही ह्या विषयावरील प्रचलित लेखनात तिचा उल्लेखही सहसा नसतो.

टी–८०० जातीच्या ट्रान्सप्युटरवर चार किलोबाइट स्मृती असे, व शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. त्याच्या एका टाचणीवरील विद्युत्‌दाबावरून तो दोहोंपैकी एक मार्ग निवडी : जवळच्या कायम स्मृतीतून प्रारंभ करावयाचा, किंवा चारही दुव्यांकडे कान लावून स्तब्ध बसावयाचे. दुसऱ्या मार्गात ज्या दुव्यावरून पहिला बाइट येईल, तो गुरू. त्या पहिल्या बाइटचे मूल्य ० असेल, तर पुढील चार बाइट म्हणजे स्मृतीतील स्थान, व त्यापुढील चार म्हणजे तेथे लिहावयाचे मूल्य. मूल्य १ असेल, तर सांगितलेल्या स्थानी काय आहे ते वाचून परत पाठवावयाचे. आणि मूल्य २ वा अधिक असेल, तर तितक्या बाइटांची आज्ञावली येत आहे असे समजून ती उतरवून घ्यावयाची व तत्क्षणी चालवावयाची. बाइटाचे कमाल मूल्य २५५ असल्यामुळे पहिला पाठ २५५ बाइटांहून मोठा असूच शकत नसे. तो पाठ मग स्वतःहून मोठा पाठ मागवी. एडसॅकच्या ३१ आज्ञांचाच हा वारसा. फरक इतकाच, की येथे त्या यंत्रात कोरलेल्या नसून शेजाऱ्याकडून येत. आणखी एक बारकावा लक्षणीय आहे. पाठ सुरू होताना तो कोणत्या दुव्यावरून आला ह्याची नोंद प्रक्रियकाच्या एका नोंदकात तयार असे. यंत्रास स्वतःचे नाव ठाऊक नसे, परंतु गुरू कोण हे ठाऊक असे.

ह्यावरून जाळे उभे करण्याची एक विलक्षण रीत निघाली. तिला ‘कृमी’ असे नाव पडले होते. यजमान संगणक पहिल्या ट्रान्सप्युटरास पाठ देई. तो जागा होऊन आपल्या उरलेल्या प्रत्येक दुव्यावर आधी ‘अमुक स्थानी अमुक मूल्य लिही’ व मग ‘ते वाचून दाखव’ असा निरोप पाठवी. लिहिलेले मूल्य परत आले, की पलीकडे जिवंत परंतु निद्रिस्त शेजारी आहे असे सिद्ध होई. मग तोच पाठ त्यास दिला जाई, व तो आपल्या शेजाऱ्यांस शोधू लागे. उत्तर न आल्यास ठराविक काळ वाट पाहून तो दुवा रिकामा मानला जाई. पलीकडील यंत्र आधीच जागे झालेले असल्यास ते आपला क्रमांक सांगे. अशा रीतीने यंत्रे जागी होत असतानाच त्यांच्या परस्परसंबंधांचा नकाशाही तयार होई. आदर्श वृक्षरचना गृहीत धरल्यास पिढीगणिक १, ३, ९, २७ अशी यंत्रे जागी होतात. चार पिढ्यांत ४० होतात, आणि पाचवी पिढी संपण्यापूर्वीच ६४ पूर्ण होतात. येथे कोणतीही यादी नाही, परवाना नाही, ओळखपत्र नाही. शेजारी जे सांगेल ते प्रमाण. कपाट बंद आहे व आत परका कोणी नाही, ह्या एका गृहीतकावर ही सर्व व्यवस्था उभी होती; आणि त्या मर्यादेत ती पूर्ण निर्दोष होती.

ट्रान्सप्युटरची जात लवकरच मागे पडली, व परम मालिकाही सर्वसाधारण सर्व्हर यंत्रांकडे वळली. १९९८ मधील परम १०००० हे सन कंपनीच्या सर्व्हरांचा समूह होते. ह्या सर्व्हरांच्या जगात प्रारंभाची रीत निराळ्या परंपरेतून आली होती, व ती परंपरा स्टॅनफर्ड विद्यापीठाची. १९८० नंतर तेथे तबकडीविना चालणारी कार्यस्थानके वापरात आली, कारण तबकडी महाग होती. अशा यंत्रास आपली आज्ञावली जाळ्यातून आणणे भाग, आणि त्यासाठी आधी स्वतःचा पत्ता हवा. त्यास ठाऊक असतो तो केवळ जाळेपत्रावर कोरलेला ४८ अंकांचा हार्डवेअर पत्ता. जून १९८४ मध्ये नोंदविलेल्या ‘रार्प’ ह्या रीतीत यंत्र तो पत्ता सर्वांस ऐकू जाईल असा ओरडून सांगे, व यादी बाळगणारे एखादे यंत्र उत्तर देई. परंतु हा आवाज एकाच तारेपुरता पोचे. सप्टेंबर १९८५ मध्ये क्रॉफ्ट व गिलमोर ह्यांनी ‘बूटपी’ ही रीत मांडली. तिच्यात प्रश्न विचारणाऱ्याने आपला पत्ता म्हणून चार शून्ये लिहावयाची, व ज्यास विचारावयाचे त्याच्या जागी ‘सर्वांस’ असे लिहावयाचे. मधील यंत्रे तो प्रश्न दुसऱ्या जाळ्यात पोचवू शकत. पत्ता विचारण्यासाठी पत्ता हवा, हा अन्योन्याश्रय शून्यास पत्ता मानून सोडविला गेला. आज्ञावली आणण्याचे काम ‘टीएफटीपी’ ह्या १९८१ मधील साध्या रीतीकडे आले. तिचा साधेपणा हाच तिचा गुण, कारण ती लहानशा कायम स्मृतीत मावे.

बूटपीची यादी मनुष्यास हाताने लिहावी लागे. ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रथम नोंदविलेल्या ‘डीएचसीपी’ रीतीत पत्ते एका साठ्यातून भाडेपट्ट्याने देण्याची सोय झाली. मुदत संपली की पत्ता परत. यंत्र अजून तेथेच असेल तर पट्टा वाढवून मिळे. १९९९ मध्ये इंटेलने ‘पीएक्सई’ ह्या रीतीची २.१ आवृत्ती प्रसिद्ध केली, आणि ह्या सर्व जुन्या रीती एकत्र गुंफून सर्वसाधारण सर्व्हरच्या जाळेपत्रात बसल्या. त्यानंतर फ्लॉपी अथवा तबकडी हाती घेऊन कपाटाकपाटांतून हिंडण्याचे कारण उरले नाही. यंत्रास वीज दिली, की ते पत्ता मागते, एक लहान आज्ञावली आणते, तिच्या आधारे संपूर्ण कार्यप्रणाली आणते, आणि स्थापनेच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरपत्रिकेतून वाचते. रेड हॅटच्या परंपरेत ह्या उत्तरपत्रिकेस ‘किकस्टार्ट’ म्हणतात. तीही लाथेचीच उपमा. संगणकाच्या प्रारंभाशी पायाचा इतका संबंध का असावा, हा शब्दार्थशास्त्राच्या अभ्यासकाने विचार करावा असा प्रश्न आहे.

संख्येचा दाब किती होता हे पुण्याच्याच दुसऱ्या उदाहरणावरून कळते. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज ह्या संस्थेतील ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर होता. त्याचा मोजलेला वेग ११७.९ टेराफ्लॉप्स, व त्यातील गाभ्यांची संख्या १४,२४०. एका नोडास आठ गाभे धरले तर सुमारे १,७८० नोड होतात. प्रत्येक नोड हाताने सिद्ध करण्यास एक तास लागतो असे मानले, तर एका तंत्रज्ञाचे आठ तासांचे २२२ दिवस केवळ पहिल्या स्थापनेत जातील, आणि तोवर पहिल्या दिवशी सिद्ध केलेली यंत्रे जुनी झालेली असतील. सॅन डिएगो येथे २००० मध्ये सुरू झालेल्या ‘रॉक्स’ ह्या समूहव्यवस्थेने तर असा सिद्धान्तच मांडला होता, की बिघडलेल्या नोडाची दुरुस्ती करू नये, तो पुसून नव्याने स्थापावा. ज्या कामास एकेकाळी दिवस लागे ते मिनिटांवर आल्यामुळेच असा सिद्धान्त मांडणे शक्य झाले.

ह्याच सुमारास आणखी एक परिवर्तन घडले. ते तांत्रिक मानले जाते. परंतु वस्तुतः ते व्याकरणाचे आहे. जुन्या स्थापनापत्रांची भाषा आज्ञार्थाची होती : ही फाइल उतरव, ही ओळ जोड, ही सेवा सुरू कर. आज्ञार्थाचा दोष असा, की आज्ञा दोनदा दिली तर कृती दोनदा घडते. ‘ओळ जोड’ हे दोनदा म्हटले की दोन ओळी होतात. १९९३ मध्ये ओस्लो येथे मार्क बर्जेस ह्यांनी ‘सीएफएंजिन’ ही व्यवस्था रचली. तिची भाषा, मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, विध्यर्थाची आहे : ही फाइल असावी, ही ओळ असावी, ही सेवा चालू असावी. ‘ओळ असावी’ हे शंभरदा म्हटले तरी ओळ एकच राहते, कारण ती असल्यास काहीच करावयाचे नसते. पुढील ‘पपेट’ (२००५), ‘शेफ’ (२००९) व ‘अन्सिबल’ (२०१२) ह्या व्यवस्थांनी हाच अर्थ आपापल्या रीतीने चालविला. ‘स्वयंचलन म्हणजे मनुष्याच्या आज्ञा यंत्राने वेगाने पाळणे’ ही समजूत ह्या ठिकाणी अपुरी पडते. येथे आज्ञाच उरत नाही. अपेक्षित स्थितीचे वर्णन उरते, व वर्णन आणि वास्तव ह्यांतील अंतर यंत्र स्वतः मिटविते.

सर्व्हरांनंतर जाळ्याची उपकरणेही ह्याच वाटेने गेली. नवा स्विच कपाटात बसवून वीज दिली, की तो डीएचसीपीने पत्ता मागतो, उत्तरातच आपली मांडणी कोठे मिळेल हे त्यास कळते, व ती आणून तो कामास लागतो. ह्यास ‘शून्यस्पर्श’ सिद्धता म्हणतात. नवी मुंबईच्या परिसरात, विशेषतः पनवेल येथे २०२० मध्ये सुरू झालेल्या व ७,२०० कपाटांच्या क्षमतेच्या योट्टा केंद्रासारख्या वास्तूंत, ह्यावाचून काम चालणेच शक्य नाही.

परंतु येथे परमच्या बंद कपाटाचे गृहीतक कोसळते. पीएक्सईचे यंत्र जो आधी उत्तर देईल त्याचे ऐकते. मग तो अधिकृत सर्व्हर असो वा कोणी लबाडीने जोडलेले यंत्र असो. १९९९ मध्येच फ्रँक स्टायानो व रॉस अँडरसन ह्यांनी आपल्या निबंधात ह्या स्थितीस बदकाच्या पिलाची उपमा दिली होती. अंड्यातून बाहेर येताच जे हलते दिसेल त्यास पिलू आई समजते, हे कोनराड लोरेन्ट्स ह्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. पिलाने चुकीच्या आईमागे जाऊ नये म्हणून काय करावे? ह्यावर निघालेला उपाय जन्मदाखल्याचा. २००९ च्या एका मानकानुसार कारखान्यातच उपकरणात निर्मात्याच्या स्वाक्षरीचे ओळखपत्र घातले जाते. एप्रिल २०१९ मध्ये आय. ई. टी. एफ. ह्या मानकसंस्थेने सुरक्षित शून्यस्पर्श सिद्धतेची, व मे २०२१ मध्ये तिच्याच जातीची आणखी एक रीत प्रसिद्ध केली. ह्या रीतींत निर्माता ‘हे उपकरण अमक्या मालकाचे’ अशी हमी देतो, व ती हमी पाहूनच उपकरण नव्या मालकाचे ऐकते.

चोरट्या आवाजापासून यंत्र अशा रीतीने सुरक्षित झाले, ही प्रगती निःसंशय मोठी आहे. मात्र तिची किंमत स्पष्ट सांगितली पाहिजे. पूर्वी पहिला शब्द जवळच्या मनुष्याचा होता; नंतर शेजारच्या यंत्राचा, त्यानंतर स्थानिक यादीचा. आता तो निर्मात्याचा झाला आहे, आणि निर्माता बहुधा परदेशी असतो. तो बंद पडला, हमी देण्यास तयार नसला, किंवा जुने उपकरण दुसऱ्याने विकत घेतल्यास नवी हमी देण्यास त्याने नकार दिला, तर काय करावयाचे, ह्याची चर्चा २०२१ च्या मानकाच्या लेखकांना स्वतःच करावी लागली आहे. दुसऱ्याच्या परवानगीवर यंत्र चालावे हे मान्य नसल्यामुळे ज्या पुण्यात परम घडले, त्याच प्रदेशातील डेटा सेंटरांत यंत्राचा पहिला श्वास पुन्हा एका दूरस्थ परवानगीवर अवलंबून राहू लागावा, ह्यातील विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही. खरेदीच्या कागदपत्रांत किंमत व हमीकालाचा विचार होतो. हमीपत्राच्या किल्ल्या कोणाकडे राहणार ह्याचा विचारही तितकाच काटेकोर असावयास हवा.

ह्या संदर्भात नाव व पत्ता ह्यांतील भेदाकडे वळणे आवश्यक आहे. १९७८ मध्ये जॉन शॉक ह्यांनी संगणकजाळ्यांच्या संदर्भात नाव, पत्ता व मार्ग ह्या तीन कल्पना स्पष्टपणे वेगळ्या केल्या : वस्तू कोणती, ती कोठे आहे, आणि तेथे कसे पोचावयाचे. मराठी वाचकास हा भेद समजण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतात पिन क्रमांक सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते, तसेच संस्कृत कवीही होते. धाराशिवचा क्रमांक ४१३५०१. पहिला ४ हा विभाग. ४१३ हा सोलापूरच्या वर्गवारीचा गट, म्हणून लातूरचा क्रमांकही ४१३ नेच सुरू होतो. आणि अखेरचे तीन अंक टपालकचेरीचे. महसुली दृष्टीने धाराशिव मराठवाड्यात व छत्रपती संभाजीनगर विभागात, परंतु टपालाच्या दृष्टीने सोलापूरच्या कुटुंबात. ह्यावरून पत्ता हा वस्तूचा स्वभाव सांगत नाही, तिच्याकडे जाण्याची वाट सांगतो, हे उघड होते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नावावरून पडलेले ‘उस्मानाबाद’ हे नाव जाऊन ‘धाराशिव’ हे जुने नाव परत आले. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची संमती मिळाली, व त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिल्ह्यासाठी अधिसूचना निघाली. परंतु पिन क्रमांक ४१३५०१ च राहिला, व वाहनांवरील ‘एमएच–२५’ ही अक्षरेही तशीच राहिली. नाव माणसांसाठी असते. त्यासाठी झगडा होतो, न्यायालयात जावे लागते. क्रमांकासाठी कोणी झगडत नाही, आणि म्हणूनच यंत्रे क्रमांकावर विसंबतात.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात डेटा सेंटरांची गर्दी नाही. परंतु स्वयंचलित प्रारंभसिद्धता तेथे दुसऱ्या दाराने पोचली आहे. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना २०१५ पासून ‘भारतनेट’ म्हणून ओळखली जाते. सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायती जोडण्याचा तिचा संकल्प होता. तिच्या पहिल्या टप्प्याच्या रचनेत ‘जीपॉन’ हे तंत्र होते, व त्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी–डॉट ह्या भारतीय संस्थेने विकसित केलेली उपकरणेही होती. गटाच्या ठिकाणच्या दूरध्वनी केंद्रात ‘ओएलटी’ हे मुख्य उपकरण, व ग्रामपंचायतीत ‘ओएनटी’ ही लहान पेटी. मध्ये एकच फायबर काचेच्या विभाजकाने अनेक गावांत वाटलेला. शहरांतील घरगुती फायबर जोडणीतही बहुधा हेच तत्त्व असते.

नवी पेटी जोडल्यावर जे घडते ते ट्रान्सप्युटरच्या जागृतीची आठवण करून देणारे आहे. मुख्य उपकरण ठराविक अंतराने सर्व गावांस क्षणभर गप्प बसविते. हा क्षण सेकंदाच्या काही दशसहस्रांशांचा असतो. त्या शांततेत ‘नवे कोणी आहे काय’ असा प्रश्न असतो. नवी पेटी आपला अनुक्रमांक सांगते. तो आठ बाइटांचा असतो. पहिले चार निर्मात्याची अक्षरे, उरलेले चार त्या पेटीचा क्रमांक. दोन नव्या पेट्या एकाच क्षणी बोलल्या तर आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक पेटी यदृच्छेने निवडलेला किंचित काळ थांबून बोलते. मग अंतर मोजले जाते. फायबरातून वीस किलोमीटर जाण्यास प्रकाशास सुमारे एक दशसहस्रांश सेकंद लागतो. जवळच्या गावास मुद्दाम अधिक थांबविले जाते, व दूरच्या गावास कमी, जेणेकरून मुख्य उपकरणाच्या दृष्टीने सर्व गावे समान अंतरावर येतात. ह्यानंतरच पेटीस तिची मांडणी मिळते. ह्या प्रवासाच्या अवस्थांस मानकात ओ–१ पासून ओ–७ पर्यंत क्रमांक आहेत. ओ–५ ही कामाची अवस्था.

गावात आलेल्या तंत्रज्ञास ह्यांपैकी काहीच करावे लागत नाही; वीज व फायबर जोडणे एवढेच त्याचे काम. परंतु पेटीचा अनुक्रमांक कोणत्या गावाचा, ही नोंद कोणीतरी कोठेतरी केलेली असावी लागते. पेटी जळाली व तिच्या जागी दुसरी बसविली, तर नोंद बदलेपर्यंत ती नवी पेटी प्रत्येक शांततेत आपला क्रमांक सांगत राहते. मुख्य उपकरण तो ऐकते, परंतु तिला मांडणी देत नाही. नोंद करणारा कारकून गावात नसतो; बहुधा तालुक्यातही नसतो. अशा वेळी सातबाऱ्याचा उतारा वा दाखला मिळविण्यासाठी आलेल्या माणसास ‘नेट नाही’ एवढेच उत्तर मिळते, आणि फायबर धड, पेटी धड, वीजही धड असता अडले कोठे, हे समोर बसलेल्यास सांगता येत नाही.

वीज मात्र नेहमीच धड असते असे नाही. पुरवठा खंडित झाला, की पेटी विझण्यापूर्वी उरल्यासुरल्या विद्युत्‌भारावर एक छोटा निरोप पाठविते; मानकात त्यास ‘अखेरचा श्वास’ असेच नाव आहे. त्यावरून फायबर तुटले की वीज गेली हे मुख्य उपकरणास ओळखता येते. वीज परत आली, की पेटी पुन्हा ओ–१ पासून आरंभ करते, शांततेची वाट पाहते, आपला अनुक्रमांक सांगते, व अंतर मोजून घेते. भारनियमनाच्या दिवसांत परंड्याच्या वा भूमच्या एखाद्या ग्रामपंचायतीत हे दिवसातून दोन–तीनदाही घडू शकते, आणि त्या खोलीत बसलेल्यांस भिंतीवरील हिरवा दिवा काही वेळ लुकलुकून स्थिर झालेला तेवढा दिसतो.